पाचवी पायरी: शिडी, कामगार आणि मालकाची जबाबदारी

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ एका हळदीच्या गोदामात बांबूची एक शिडी होती. तिची खालून पाचवी पायरी कधीतरी मोडली होती आणि तिथे कुणीतरी सुतळीने आडवी काठी बांधून ठेवली होती. पाचवी सोडायची, चौथीवरून थेट सहावीवर पाय टाकायचा, हे गोदामात सगळ्यांना ठाऊक होतं. दिवाणजींना ठाऊक, हमालांना ठाऊक, मालकांनाही ठाऊक. ठाऊक नव्हतं ते एका पोराला, कारण त्याला कामाला लागून चारच दिवस झाले होते.

चढताना त्या काठीने त्याचं वजन पेललं. उतरताना एका हातात रिकाम्या पोत्यांची गड्डी, तोंड शिडीकडे, खालचं काही दिसत नाही. पाय आपसूक पाचवीवर आला आणि सुतळी सुटली. पडला किती उंचावरून? पाच फूट. टाचेचं हाड चुरलं, मिरजेला ऑपरेशन झालं आणि पोरगं चार महिने घरी बसलं.

मी तेव्हा कुपवाडच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला होतो. गोदामाचे मालक ओळखीचे, म्हणून दवाखान्यात बघायला गेलो. माणूस वाईट नाही, बिल त्यांनीच भरलं. पण व्हरांड्यात मला बघितल्यावर त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते असं: "पोराचं लक्षच नव्हतं ओ."

शिडीवरून कुणी पडलं की हे वाक्य ठरलेलं असतं. पडणाऱ्याचं लक्ष होतं की नव्हतं, याची चर्चा चहा संपेपर्यंत चालते. ती शिडी तिथे कुणी ठेवली, मोडलेली पायरी किती दिवस तशीच होती, नव्या माणसाला कुणी काय सांगितलं, हे कुणी विचारत नाही. कायदा मात्र आधी हेच विचारतो. म्हणून शिडीच्या बाबतीत मालकाने काय काय करायचं असतं, हे जमेल तितक्या सोप्या भाषेत मांडतो.

"पाच फूटच तर आहे"

उंचीबद्दल आपला अंदाज नेहमी चुकतो. पाच फुटांवरून पडणारा माणूस जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग ताशी जवळजवळ २० किलोमीटर असतो. दहा फुटांवरून पडला तर सुमारे २८. आणि पाच फूट खाली यायला लागतो जेमतेम अर्धा सेकंदाहून किंचित जास्त वेळ. एवढ्यात माणूस काहीही धरू शकत नाही. "धरायला पाहिजे होतं त्यानं" असं म्हणणाऱ्याने एकदा टाळी वाजवून अर्धा सेकंद किती असतो ते बघावं.

पायावर पडला तर टाच जाते आणि तोच धक्का वर मणक्यापर्यंत पोचतो. म्हणूनच टाच मोडलेली दिसली की डॉक्टर कंबरेचीही तपासणी करायला सांगतात. ओझी उचलून पोट भरणाऱ्या माणसाची टाच किंवा कंबर गेली, तर तो पुन्हा त्याच कामावर येईलच असं नाही.

कायदा काय म्हणतो

आधी कारखान्यांसाठी १९४८ चा कारखाने कायदा होता. त्याच्या कलम ३२ मध्ये साधी गोष्ट लिहिलेली होती: कामगाराला ज्या जागी काम करायला लावता त्या जागेपर्यंत जायची सुरक्षित सोय हवी, आणि जिथून तो पडू शकेल अशा उंचीवर काम असेल तर, होईल तितकं, कठडा किंवा दुसरा उपाय हवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये कारखाने कायद्यासह १३ जुने कायदे सामावले गेले.

या संहितेत मालकाची कर्तव्यं कलम ६ मध्ये आहेत. त्याचा मथितार्थ असा की, इजा होईल असा धोका कामाच्या जागी राहू द्यायचा नाही. यंत्रं, साधनं आणि काम करायची पद्धत सुरक्षित ठेवायची. माहिती, शिकवणी आणि देखरेख पुरवायची. सुरक्षेसाठी जे काही द्याल त्याचे पैसे कामगाराच्या पगारातून कापायचे नाहीत. आणि आपल्या जागेत जो कुणी असेल, आपल्याला माहीत असो वा नसो, त्याच्या सुरक्षेची जबाबदारी आपली. हे शेवटचं वाक्य मार्केट यार्डातल्या प्रत्येक गाळ्यात मोठ्या अक्षरात लावावं असं मला वाटतं. कारण तिथे नेहमीचं उत्तर असतं, "हमाल आमचे न्हाईत, माथाडी मंडळाचे आहेत." हमाल मंडळाचे असतील, शिडी कुणाची आहे?

ही संहिता सर्वसाधारणपणे दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. कारखाना म्हणून मोजायला विजेवर चालत असेल तर २० आणि विजेशिवाय ४० कामगारांची अट आहे. "माझ्याकडे सातच माणसं आहेत" म्हणून कुणी निवांत होऊ नये. निष्काळजीपणाने कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि तिथे पटावर माणसं किती हे कुणी मोजत नाही.

शिडी हवीच कशाला?

शिड्यांबद्दलचा पहिला प्रश्न शिडी कुठली घ्यावी हा नाही. वर चढावं लागतंय का, हा आहे. हे ठरवणं चढणाऱ्याच्या हातात कधीच नसतं. माल कुठे ठेवायचा, रॅक किती उंच करायचं, काम किती वेळात उरकायचं, हे मालक ठरवतो. कामगाराच्या वाट्याला फक्त चढणं येतं.

सांगलीत याला एक वेगळं कारण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि पेठांमधली दुकानं, गोदामं बुडाली. त्याआधी २००५ होतंच, त्यानंतर २०२१ आलं. प्रत्येक पुरानंतर व्यापाऱ्यांनी एक धडा घेतला: माल वर ठेवा. मग पोटमाळे झाले, छताला भिडणारी रॅक झाली. पुरापासून माल वाचला हे खरंच, पण दिवसातून दोनदा लागणारी शिडी वीसदा लागायला लागली. आणि शिडी मात्र तीच राहिली, वडिलांच्या वेळची.

उपाय साधे असतात. रोज लागणारा माल कमरेच्या उंचीवर आणि महिन्यातून एकदा लागणारा वर, एवढा बदल केला तरी चढणं निम्म्यावर येतं. पावसाळा सोडून आठ महिने सगळं वर कशाला हवं? पोटमाळा कायमचा असेल तर त्याला कठडा असलेला लोखंडी जिना करून घ्यावा. रोज दहा वेळा चढायच्या जागी उचलती शिडी लावणं हा कंजूषपणा आहे, दुसरं काही नाही. दिवे बदलायला, जळमटं काढायला लांब दांड्याची साधनं मिळतात. तासन्‌तास रंगकाम किंवा वायरिंग असेल तर शिडी नकोच, चाकांचा ब्रेक लागणारा आणि कठडा असलेला टॉवर भाड्याने आणावा. ब्रिटनमध्ये उंचीवरच्या कामाचे २००५ चे नियम आहेत. तिथली सरकारी शिकवण अशी की, धोका कमी आणि काम थोड्या वेळाचं असेल तरच शिडी वापरायची, आणि थोडा वेळ म्हणजे एका जागी साधारण अर्ध्या तासाच्या आत. आपल्याकडे हा अंदाज मनात धरायला काहीच हरकत नाही.

हरिपूरची हळद साठवायची जमिनीतली पेवं ज्यांनी बघितली आहेत त्यांना एक गोष्ट आठवत असेल. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. आत हवा खेळू द्यायची, मग माणूस उतरवायचा. पोटात हळद असलेला तो खोल अंधारा खड्डा. कधी उतरायचं ते वर उभा असलेला जाणता माणूस सांगायचा, उतरणारा नव्हे. खाली उतरताना जी अक्कल आपल्या लोकांकडे होती ती वर चढताना कुठे जाते, कळत नाही.

चारास एक

आता शिडी लागणारच आहे असं धरू. शिडी का घसरते हे मालकाला समजलं तर पुढचे निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत, म्हणून इथे जरा थांबतो.

भिंतीला टेकवलेल्या शिडीवर माणूस चढला की त्याचं वजन खाली तर दाबतंच, पण शिडीच्या पायांना भिंतीपासून बाहेरही ढकलतं. ते पाय जागेवर धरून ठेवतं फक्त जमिनीचं घर्षण. बाहेर ढकलणारा हा जोर किती? हिशेब शाळकरी आहे. माणूस शिडीच्या टोकाजवळ असताना त्याच्या वजनाला, पाय भिंतीपासून जितके लांब आहेत त्याने गुणायचं आणि शिडी जितक्या उंचीवर टेकली आहे त्याने भागायचं.

शिडी १२ फुटांवर टेकली आहे, पाय भिंतीपासून ३ फुटांवर आहेत, माणूस ७० किलोचा आहे. बाहेरचा जोर साडेसतरा किलोचा. चांगल्या रबरी बुटांची शिडी कोरड्या फरशीवर एवढा जोर सहज सोसते. तीच शिडी मध्ये पोती पडली आहेत म्हणून पाय भिंतीपासून ६ फुटांवर ठेवून लावली, तर ती टेकते पावणेअकरा फुटांच्या आसपास आणि जोर एकदम ३९ किलोवर जातो. दुपटीहून जास्त. म्हणून जगभर एकच माप सांगतात: चार फूट उंचीला एक फूट बाहेर. पाय याहून आत घेतले तरी चालत नाही, मग शिडी माणसासकट मागे पडते.

या हिशेबात आणखी एक गोम आहे, आणि बहुतेक लोक तिथेच फसतात. बाहेर ढकलणारा जोर माणूस वर जाईल तसा वाढत जातो. पहिल्या चार पायऱ्यांवर तो अगदी थोडा असतो. त्यामुळे खाली उभं राहून शिडी हलवून बघितली, दोन पायऱ्या चढून बघितलं, "बसलीय घट्ट" म्हटलं, याला काही अर्थ नाही. शिडी घसरते ती माणूस टोकाशी पोचल्यावर, म्हणजे पडायची उंची सगळ्यात जास्त असते तेव्हाच.

आता यात आपल्याकडचे धंदे घाला. हळदीच्या पॉलिशच्या जागी फरशीवर पिवळ्या भुकटीचा थर असतो. त्यावर रबरी बूटही चाकासारखा सरकतो. तासगाव, कवठेमहांकाळकडच्या बेदाणा शेडवर तर त्याहून कठीण. द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून जाळ्यांच्या कप्प्यांवर पसरतात. कप्पे एकावर एक, वरपर्यंत. घडातून निथळणारं ते तेलकट पाणी खाली गळतं आणि त्याच जागी शिडी टेकलेली असते. फेब्रुवारी-मार्चच्या गर्दीत शेडवर बाया-माणसं क्रेट घेऊन वर-खाली करत असतात. शिडी टेकायची जागा आधी पुसून कोरडी करायला एका माणसाचा एक मिनिट जातो. हा एक मिनिट द्यायचा हे शेडच्या मालकाने तोंडाने सांगावं लागतं. नाहीतर कामगार तो स्वतःहून घेत नाही, कारण मुकादम "चला, चला" करत असतो.

कोन मोजायला पट्टी नको. शिडीच्या पायांना बुटांची टोकं टेकवून ताठ उभं राहायचं आणि हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे करायचे. तळवे शिडीला लागले तर कोन ठीक आहे. हे मी कुपवाडला प्रत्येक नव्या पोराला करून दाखवायचो. पोरं हसायची, पण लक्षात ठेवायची.

माळ्यावर किंवा छतावर उतरायचं असेल तर शिडी त्या कडेच्या वर आणखी तीन फूट यायला हवी. नाहीतर शेवटच्या पायरीवरून माळ्यावर जाताना हाताला धरायला काही उरत नाही. आणि वरचं टोक दोरीने बांधायचं. खाली एक माणूस शिडी धरून उभा करतात, त्याचा उपयोग लोक समजतात त्याच्या चौथाईही नसतो. टोक बाजूला सरकायला लागलं तर खालचा माणूस ते थोपवू शकत नाही, आणि तो हातात मोबाइल घेऊन उभा असेल तर विषयच संपला. बांधता येत नसेल तेव्हाच माणूस लावावा, त्याच्या डोक्यावर हेल्मेट असावं, आणि वरचा खाली येईपर्यंत त्याने जागा सोडू नये.

शिडी कुठली

बांबूची शिडी वाईट आणि अॅल्युमिनियमची चांगली असा एक समज झाला आहे. तो मला पटत नाही. पेर चिरलेलं नसलेली, भुंग्याने पोखरलेली नसलेली, पायऱ्या खाचेत बसवून पक्क्या बांधलेली बांबूची शिडी पत्र्यासारख्या पातळ, वाकलेल्या अॅल्युमिनियमच्या शिडीपेक्षा कधीही बरी. एकच करायचं नाही: बांबूच्या किंवा लाकडाच्या शिडीला ऑइलपेंट फासायचा नाही. रंगाखाली चीर लपते. गणपतीच्या आधी सगळ्या शिड्यांना झेंडूसारखा पिवळाधमक रंग मारून "मेंटेनन्स झालं" म्हणणारे कारखाने मी बघितले आहेत.

विजेचं काम मात्र वेगळं. तिथे अॅल्युमिनियम नकोच. बांबू ओला असला तर तोही नको. फायबरची शिडी घ्यावी, तीही स्वच्छ आणि कोरडी. पुष्कळ अपघात शिडीवर चढल्यावर होतच नाहीत. लांब अॅल्युमिनियमची शिडी उभी धरून अंगणातून नेताना ती वरच्या तारेला लागते आणि धरणारे दोघेही जातात. शिडी नेहमी आडवी, दोघांनी न्यायची. तारेजवळ काम असेल तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घ्यायचा. "जरा लांबनंच करतो" हे उत्तर मालकाने मान्य करायचं नाही.

विकत घेताना शिडीवरचं लेबल वाचा. चांगल्या कंपनीच्या शिडीवर ती किती भार सोसते ते छापलेलं असतं. युरोपातल्या ईएन १३१ या मानकाप्रमाणे बनवलेल्या शिड्यांना १५० किलोची मर्यादा असते. आपल्याकडे भारतीय मानक आयएस ३६९६ चा दुसरा भाग, १९९१ चा, शिड्यांच्या सुरक्षेवर आहे. भार म्हणजे माणूस, त्याची हत्यारं आणि हातातलं ओझं, सगळं मिळून. मग कुणी म्हणतं, माणूस ७० किलो, पोतं ५० किलो, १२० झाले, बसतंय की मापात. मापात बसतं, पण पोतं धरल्यावर शिडी धरायला हात कुठला? एका वेळी दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात शिडीला लागलेले असलेच पाहिजेत. ओझं दोरीने ओढून घ्यावं, हत्यारं कमरेच्या पिशवीत.

घडीच्या शिडीबद्दल दोनच गोष्टी. ती पूर्ण उघडून मधल्या पट्ट्या ताठ बसल्याशिवाय चढायचं नाही, मिटलेल्या अवस्थेत भिंतीला टेकवायची तर अजिबात नाही. आणि सगळ्यात वरच्या दोन पायऱ्या उभं राहण्यासाठी नसतात, धरायला वर कठडा असेल तर गोष्ट वेगळी. भिंतीला टेकवायच्या शिडीवर वरच्या तीन सोडायच्या. हात पुरत नाही म्हणून बाजूला झुकायचं नाही. पट्ट्याचं बक्कल दोन दांड्यांच्या बाहेर गेलं की खाली उतरून शिडी सरकवायची.

करवत

आता तपासणी. मालकाकडून सगळ्यात जास्त हयगय इथेच होते, आणि सगळ्यात कमी खर्चही इथेच आहे.

प्रत्येक शिडीला नंबर द्या. दांड्यावर रंगाने, ठळक. एक साधी वही घ्या. महिन्यातून एकदा, ज्याला कळतं अशा एका ठरावीक माणसाने प्रत्येक शिडी आडवी टाकून बघायची: पायांचे रबरी बूट झिजलेत का, दांडा कुठे वाकलाय का, पायरी हाताने पिळली तर फिरते का, रिव्हेट सैल आहेत का, घडीची पट्टी अडकते का, बांबूच्या पेराजवळ चीर आहे का, काथ्या ढिला झालाय का. तारीख आणि सही. आणि चढणाऱ्याने दर वेळी चढण्याआधी वरपासून खालपर्यंत एक नजर टाकायची. हे त्याचं काम खरं, पण "खराब दिसली तर चढू नकोस, कुणी काही बोलणार नाही" हे त्याला मालकाने सांगितलेलं असेल तरच तो करेल. नवा पोरगा चौथ्या दिवशी शिडीला नकार देत नसतो.

एक चूक माझी सांगतो. कारखान्यात एक शिडी बाद ठरवली, १४ नंबरची. दांड्याला केसासारखी चीर होती. मी "वापरू नये" असा कागद चिकटवून ती कंपाउंडच्या मागे ठेवायला लावली. पावसात कागद गेला. तीन महिन्यांनी मी शेडमध्ये शिरलो तर एक वायरमन १४ नंबरवर, वरून दुसऱ्या पायरीवर उभा, दोन्ही हात पंख्यात. ओरडलो तर दचकेल, म्हणून खाली जाऊन हळूच म्हटलं, "मामा, जरा खाली या, चहा आलाय." मामा उतरले. "अहो, ही तर पलीकडं पडलीवती. चांगली हाय की."

त्याच दिवशी करवत आणून शिडीचे चार तुकडे केले. तेव्हापासून माझा एकच सल्ला आहे. बाद झालेली शिडी कोपऱ्यात ठेवू नका, भंगारात अख्खी देऊ नका, कुणाला फुकटही देऊ नका. कापा. अख्खी शिडी दिसली की माणूस तिच्यावर चढतोच.

छतावरचा पत्रा, आणि ठेकेदाराची माणसं

पावसाळ्याआधी शेडच्या छताची डागडुजी निघते. सिमेंटच्या पत्र्यांच्या छतावर शिडीने चढलेला माणूस पत्र्यावर पाय टाकतो आणि पत्रा तुटून थेट खाली यंत्रावर येतो. इथे शिडी कितीही चांगली असून उपयोग नाही. पत्र्यावर चालायला फळ्या टाकल्याशिवाय आणि पट्टा बांधायला दोर लावल्याशिवाय कुणालाही वर जाऊ देऊ नका. हे काम बहुधा ठेकेदाराची माणसं करतात, आणि मालकाला वाटतं की ठेका दिला म्हणजे जबाबदारीही दिली.

तसं नाही. आपल्या जागेत असलेल्या कुणाचीही सुरक्षा आपल्याकडे येते, हे वर आलंच. नुकसानभरपाईच्या बाबतीत १९२३ च्या जुन्या कायद्याच्या कलम १२ मध्ये असं होतं की, आपल्या नेहमीच्या धंद्यातलं काम ठेकेदाराकडून करून घेतलं तर ठेकेदाराच्या कामगाराला मूळ मालकही भरपाई देणं लागतो. मग त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी. हे तत्त्व सामाजिक सुरक्षा संहितेत आलं आहे. तेव्हा ठेकेदार आला की त्याच्या शिड्या गेटवरच बघायच्या. आपल्या शिड्या त्याला दिल्या, तर त्या चांगल्या आहेत याची खात्री आपली.

भरपाई किती येते, याचा एक हिशेब करून दाखवतो. महिना पगार १५,००० आणि वय ३० असलेला कामगार कामावर पडून गेला. पगाराच्या निम्मे, म्हणजे ७,५००, गुणिले त्या वयासाठी ठरवून दिलेला आकडा २०७.९८. होतात १५,५९,८५०. कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, असेल तर ही जबाबदारी तिचं महामंडळ घेतं, आणि जखमीला बरा होईपर्यंत पगाराच्या सुमारे ९० टक्के भत्ता मिळतो. ईएसआय नसेल तर हे मालकाच्या खिशातून. काही हजारांच्या फायबरच्या शिडीला "महाग हाय ओ" म्हणणाऱ्यांसाठी हा आकडा.

यावर दंड वेगळा. सुरक्षेची कर्तव्यं पाळली नाहीत आणि त्यामुळे मृत्यू झाला तर संहितेच्या कलम १०३ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. गंभीर इजेला एक वर्षापर्यंत कैद, किंवा २ ते ४ लाख दंड, किंवा दोन्ही. दंडातली किमान निम्मी रक्कम जखमीला किंवा त्याच्या वारसांना द्या, असं न्यायालय सांगू शकतं.

आता त्या वाक्याकडे वळतो, "पोराचं लक्षच नव्हतं". भरपाईच्या कायद्यात मालकाला सुटकेच्या वाटा मोजक्याच आहेत: कामगार दारू किंवा नशेत होता, सुरक्षेसाठी स्पष्ट दिलेली आज्ञा त्याने मुद्दाम मोडली, किंवा सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढून टाकलं. लक्ष नसणं यात कुठेच नाही. आणि मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर या वाटाही बंद. शिवाय आज्ञा मोडली म्हणायला आधी ती स्पष्ट दिलेली हवी. त्या गोदामात पाचव्या पायरीबद्दल कुणी, कधी, कुठे, काय लिहून ठेवलं होतं?

पडला तर

पडलेल्या माणसाला उचलून बसवू नका, पाणी पाजू नका. मान-कंबर न हलवता १०८ ला फोन करा. शिडी, सुतळी, तुटलेली काठी जिथे आहे तिथेच राहू द्या, फोटो काढा. इजेमुळे माणूस ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर ते संहितेप्रमाणे अधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लपवाछपवी करून काही दिवस निघतात, पण पुढे भरपाईचा दावा आला की ती अंगाशी येते.

त्या गोदामात मी परवा पुन्हा गेलो होतो, हळदीचा भाव विचारायला. मालकांनी आता पोटमाळ्याला कठड्याचा लोखंडी जिना केला आहे. बांबूची ती शिडी दिसली नाही. विचारलं तर दिवाणजी म्हणाले, "शेठनी कापायला लावली. तुकडं मागं हायत, थंडीत शेकोटीला हुत्याल." पोरगा अजून तिथेच आहे, वजनकाट्यावर. चढायचं काम त्याला जमत नाही, टाच दुखते.